आजोबा फौजेत होते, पण त्यांचं नाव कुठे लिहिलंय? लष्कराचा इतिहास जपला कसा जातो, सोप्या भाषेत

पुण्यात राहणाऱ्या माणसाला फौजेचं फारसं अप्रूप उरलेलं नसतं. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं (म्हणजे फौजेच्या इंजिनियरांचं) बीईजी, वानवडीला एएफएमसी हे फौजेचं मेडिकल कॉलेज, खडकवासल्याला एनडीए, घोरपडीत वॉर मेमोरियल, देहूरोडवरून जाताना काटेरी तारा आणि फोटो काढायला मनाईचे बोर्ड, आणि दक्षिण कमांडचं मुख्यालय तर १८९५ पासून इथेच आहे. एवढी फौज आजूबाजूला असून पण कुणाला विचारा की अरे तुझे पणजोबा लढाईला गेले होते ना, मग कुठल्या पलटणीत होते, कुठे पडले, नाव कुठे कोरलंय का, तर उत्तर ठरलेलं, "इराकला गेले होते असं आजी सांगायची, परत आलेच नाहीत". झालं, संपलं. त्याच्यापुढचं घरात कुणालाच माहीत नसतं आणि ज्यांना माहीत होतं ती माणसं आता राहिली नाहीत.

तर त्याच्यापुढचं कसं शोधायचं, आणि मुळात फौज स्वतः आपला इतिहास ठेवते कसा, हे जरा नीट सांगतो. २६ जुलैला आणि १६ डिसेंबरला आपण सगळेच स्टेटस ठेवतो, चौकात फ्लेक्स लागतात, लागू देत, माझी काही तक्रार नाही (फ्लेक्सवर जवानापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो तेव्हा थोडी आहे). पण माझं मत विचाराल तर गेलेल्या जवानाला पहिला मान म्हणजे त्याचं नाव बरोबर लिहिलेलं असणं आणि शोधणाऱ्याला ते सापडणं. हार-फुलं त्याच्यानंतर. आणि ह्यात लागतात फक्त पाच गोष्टी, सर्व्हिस नंबर, रँक, नाव, युनिट, तारीख. ह्या पाच जुळल्या की बाकीचं सगळं मागे मागे येतं, आणि ह्यातल्या दोन जरी हरवल्या तरी माणूस गर्दीत हरवतो.

नंबर सगळ्यात महत्त्वाचा, हे सिव्हिलियन लोकांना पटकन कळत नाही. एका मराठा पलटणीत पांडुरंग शिंदे किती असतील विचार करा. एकाच कंपनीत तीन असू शकतात, त्यातले दोन एकाच तालुक्यातले. नंबर मात्र एकाचाच. म्हणून रिटायर होऊन चाळीस वर्षं झालेला सुभेदार नातवाचं नाव क्षणभर विसरेल पण स्वतःचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा सांगतो.

आता हे नाव कागदावर चढतं कसं ते बघू. समजा सीमेवर एखादा जवान गेला. युनिटमधून लगेच कॅज्युअल्टीचा सिग्नल (म्हणजे संदेश) वर जातो आणि त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या कचेरीला जातो, घरी कुणाला कळवायचं हे आधीच नोंदवलेलं असतं, त्याला फौजेत एनओके म्हणतात, म्हणजे नेक्स्ट ऑफ किन. मग निघते पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या रेकॉर्डमध्ये नोंद चढवणारा आदेश. फौजी घरातल्या बायकांना हा शब्द बरोबर माहीत असतो कारण लग्न झालं, मूल झालं, नाव बदललं, काहीही झालं की पार्ट टू ऑर्डर काढावी लागते, आणि ती निघाली नाही तर फौजेच्या लेखी ते घडलेलंच नसतं. आधार कार्डावर सुनंदा आणि रेकॉर्डला सुनंदाबाई, एवढ्यावरून पेन्शनसाठी चपला झिजवलेल्या कितीतरी जणी सापडतील. तर मृत्यूची नोंद सुद्धा अशीच चढते, आणि तिथे एक शिक्का बसतो. शत्रूशी लढताना, अतिरेक्यांशी चकमकीत, सुरुंगावर पाय पडून गेला तर ती बॅटल कॅज्युअल्टी, आणि आजारपणात किंवा साध्या गाडीच्या अपघातात गेला तर सहसा फिजिकल कॅज्युअल्टी. घरच्यांना काय मिळणार हे बरंचसं ह्याच्यावर ठरतं आणि दिल्लीच्या स्मारकावर नाव येणार का हे सुद्धा. गावासाठी दोघंही आपलीच पोरं, कमानीवर दोघांची नावं लागतात, आणि लागावीत पण, फक्त सरकारी यादी आणि गावची यादी का जुळत नाही ह्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

हे झालं एका माणसाचं. अख्ख्या लढाईची नोंद वेगळीकडे असते. युनिट लढाईत असलं की वॉर डायरी लिहिली जाते, नाव डायरी असलं तरी त्यात मनातलं वगैरे काही नसतं, पहाटे साडेपाचला बी कंपनी निघाली, पाऊस, नाल्यापाशी गोळीबार, तीन जखमी, अशा धर्तीची दोन-दोन शब्दांची वाक्यं. शिवाय पलटणीचं डायजेस्ट ऑफ सर्व्हिस म्हणून असतं, त्यात वर्षानुवर्षांच्या ठळक घटना. हे सगळे कागद मिळून मग अधिकृत इतिहास लिहायचा असतो, ते काम संरक्षण मंत्रालयाच्या हिस्टरी डिव्हिजनचं. इथे आपल्याकडे फार वर्षं घोळ होता, लढाई होऊन जायची आणि कागद कपाटात. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ह्यावर धोरण आणलं, की युद्ध किंवा मोठं ऑपरेशन संपल्यावर दोन वर्षांत इतिहासासाठी समिती बसवायची, पुढच्या तीन वर्षांत कागद गोळा करून लिहून काढायचं, आणि साधारण २५ वर्षांनी कागद खुले करायचे आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे. "साधारण" म्हणजे सगळं खुलं होईलच असं नाही, १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अजून सरकारने उघडलेला नाही. पण निदान नियम तरी आला.

आणि आता ही गंमत बघा, गंमत कसली, वाईटच आहे. तोच २५ वर्षांचा आकडा दुसरीकडे उलटा चालतो. ज्या जवानाला पेन्शन लागू झाली नाही त्याची सर्व्हिसची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायची तरतूद आर्मीच्या नियमांत आहे. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात भरती झालेला, १९४६ साली युद्ध संपलं म्हणून घरी पाठवलेला, पेन्शन न बसलेला तुमचा आजोबा, त्याची फाइल बहुतेक कधीच गेली. मुद्दाम कुणी केलं असं नाही, कागद ठेवायला जागा लागते, लाखो माणसांचे गठ्ठे असतात, पण घरच्यांना पत्र येतं की रेकॉर्ड उपलब्ध नाही आणि त्यांना वाटतं आपल्याला टाळलं. अशा वेळी एक शब्द लक्षात ठेवा, लाँग रोल. फाइल नष्ट झाली तरी लाँग रोल नावाचं रजिस्टर ठेवलेलं असतं, त्यात नंबर, नाव, भरती कधी, डिस्चार्ज कधी, कशामुळे, एवढ्या थोडक्या नोंदी असतात. म्हणून रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना "माहिती द्यावी" एवढंच मोघम लिहू नका, लाँग रोलमधली नोंद द्यावी असं स्पष्ट लिहा.

लिहायचं कुठे? इथेच अर्धे लोक चुकतात, दिल्लीला पत्र पाठवून बसतात. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, रणगाड्यांचं म्हणजे आर्मर्ड कोअरचं अहमदनगरला (आता अहिल्यानगर), आणि बॉम्बे सॅपर्सचं तर आपल्या खडकीलाच. कुठली रेजिमेंट हेच माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा. राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन देतं, त्यासाठी केलेल्या जुन्या अर्जांत नंबर आणि पलटण लिहिलेली असते, त्यामुळे आजीने कधी अर्ज केला असेल तर तिथे धागा मिळू शकतो.

आता दगडांकडे येऊ, कारण पुण्याच्या आसपास ह्याची दोन टोकं बघायला मिळतात. पेरणे फाट्याजवळचा जयस्तंभ सगळ्यांना माहितीये, १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई, इंग्रज कंपनी विरुद्ध पेशवे. त्या लढाईवरून आज काय काय बोललं जातं ते बाजूला ठेवा आणि फक्त दगड वाचा. त्यावर लढाईत कामी आलेल्या कंपनीच्या साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, त्यात "नाक" शेवटी असलेली बरीच, म्हणजे महार शिपाई. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज लाखो लोक जातात, ते त्या नावांमुळे जातात. तिथे नुसता आकडा कोरला असता तर कोण लढलं होतं हे सांगायला पुरावाच उरला नसता.

आणि आता दुसरं टोक, शंभर वर्षांनंतरचं. पहिल्या महायुद्धात इराकला, तेव्हाच्या मेसोपोटेमियाला, जी फौज पहिल्यांदा उतरली तिचं नावच ६ वी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. नोव्हेंबर १९१४ ला उतरले, बगदादच्या जवळपर्यंत गेले, मग मागे रेटले गेले आणि डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा गावात वेढ्यात अडकले. घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला साधारण तेरा हजार माणसं शरण गेली. त्यातली खूपशी तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवतानाच गेली. "इराकला गेले आणि परत आलेच नाहीत" ह्या आजीच्या वाक्यामागे बऱ्याचदा हे असतं. ह्या सगळ्यांसाठी १९२९ ला बसरा मेमोरियल झालं, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांहून जास्त माणसांचं. त्यात इंग्रज सैनिकांची नावं कोरली, हिंदी (म्हणजे भारतीय) अधिकाऱ्यांची कोरली, आणि बाकी हिंदी शिपायांचं काय, तर रेजिमेंटचं नाव आणि खाली आकडा. इतके गेले. बस.

हे स्मारक ज्या संस्थेचं ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, आपण सीडब्ल्यूजीसी म्हणू. १९१७ ची संस्था. तिचं तत्त्वच असं होतं की मेलेल्यांत पद, वंश, धर्म असा भेद करायचा नाही, जनरल असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. युरोपात ते बऱ्यापैकी पाळलं, फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर साडेचार हजारांवर हिंदी सैनिकांची नावं आहेत. पण युरोपच्या बाहेर आले की तत्त्व सैल. २०२१ मध्ये संस्थेने स्वतःच समिती नेमून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन वगैरे सैनिकांची नोंद बरोबरीने घेतली गेली नाही, आणि त्याशिवाय निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावाने किंवा अजिबातच नोंद नाही, त्यातले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे. माफीही मागितली. उशिरा का होईना, मला वाटतं माफीपेक्षा महत्त्वाचं हे की बसऱ्याच्या आकड्यांमागची नावं आता त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतात.

खडकीचं वॉर सिमेट्री ह्याच संस्थेचं, मुळा रोडला होळकर पुलाजवळ. अनेक पुणेकरांनी ते बाहेरूनच बघितलेलं असतं आणि "इंग्रजांचं आहे" म्हणून सोडून दिलेलं असतं. आत दुसऱ्या महायुद्धातली १६६८ थडगी आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे, त्यात १८०० हून जास्त नावं, पण त्यातली बहुतेक माणसं तिथे पुरलेली नाहीत, भारतात आणि आताच्या पाकिस्तानात ठिकठिकाणच्या कॅन्टोन्मेंट दफनभूमीत होती आणि त्या जागा सांभाळणं शक्य राहिलं नाही म्हणून नावं इथे आणली. त्यातल्या मुंबईच्या शिवडीच्या ६२९ जणांचे तर अवशेषच जून १९६२ मध्ये इथे आणून परत पुरले. म्हणजे स्मारक म्हणजे प्रेत असलेली जागा, असं नसतं कायम. कधी माणूस एका देशात आणि नाव दुसऱ्या देशात असतं.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण हिंदू-शीख जवानांचं दहन व्हायचं, थडगं नाहीच. दुसऱ्या महायुद्धात अविभाजित भारतात वारलेल्या २५ हजारांवर सैनिकांची नावं दगडावर नाहीतच, ती एका नोंदवहीत आहेत, रोल ऑफ ऑनर म्हणतात, एक प्रत दिल्ली वॉर सिमेट्रीत आणि एक कराचीत. ब्रह्मदेशात गेलेले रंगूनच्या स्मारकावर, मलायात गेलेले सिंगापूरला, इटलीत गेलेले कॅसिनोला. नाईक यशवंत घाडगे घ्या, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर खोऱ्यात सगळे साथी पडल्यावर एकटे मशीनगनच्या पोस्टवर चालून गेले आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचा पुतळा माणगावात आहे, नाव कॅसिनोला कोरलेलं आहे, आणि थडगं कुठेच नाही.

स्वातंत्र्यानंतरच्यांसाठी दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला झालं. म्हणजे १९४७ पासून तोपर्यंत सगळ्या नावांचं एक राष्ट्रीय स्मारकच नव्हतं, इंडिया गेटवर कोरलेली नावं ही इंग्रजांच्या काळातल्या लढायांतली. नव्या स्मारकात चार वर्तुळं आहेत, त्यातलं त्यागचक्र म्हणजे ग्रॅनाइटच्या छोट्या छोट्या पाट्यांच्या भिंती, एका पाटीवर एक माणूस, उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती. पुणेकरांनी मात्र ह्याची वाट बघितली नव्हती बरं का, घोरपडीचं दक्षिण कमांडचं वॉर मेमोरियल १९९८ सालचं आहे आणि ते लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. पोरं तिथे विमान आणि रणगाडा बघायला जातात, सेल्फी काढतात, काढू देत, फक्त जाताना एखादं नाव वाचायला सांगा आणि घरी येऊन त्याची तारीख कुठल्या ऑपरेशनची ते शोधायला लावा, पोरं लागतात नादाला.

शोधायचं कसं, तर सीडब्ल्यूजीसीच्या साइटवर १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७ मधले सापडतात, फुकट आहे. पण आपलं नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलंय हे डोक्यात ठेवा. जाधव शेवटी व्ही लावून शोधा, ओ लावून शोधा, मधला एच गाळून शोधा. मराठाचं स्पेलिंग तेव्हा "माहरट्टा" वाटेल असं करायचे. जिल्हा टाकताना आजचा टाकलात तर काहीच मिळणार नाही, रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, आणि सांगलीकडची कितीतरी गावं तेव्हा सातारा जिल्ह्यातच. पलटणींचे नंबर पण १९२२ च्या फेररचनेत बदलले, आधीची ११७ मराठा नंतर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. नशीब असेल तर नोंदीत खाली जादा माहिती असते, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, तालुका, जिल्हा. ती एक ओळ सापडली की बघा कसं होतं ते, कारण पहिल्यांदाच पणजीचं नाव कुठेतरी छापलेलं दिसतं. आणि गावातही बघा, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी बऱ्याच गावांत संगमरवरी पाट्या लावल्या होत्या, ह्या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. काही गावांत ही पाटी चावडीच्या भिंतीत असते आणि वर चार वेळा चुन्याचा हात फिरलेला असतो.

आता घरातलं. सगळ्यात मोठा खजिना माळ्यावर असतो, ती काळी पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, रँक, नाव, युनिट, म्हणजे वर म्हणालो त्या पाचातल्या चार गोष्टी फुकट. आणि आपण काय करतो, गोधड्या ठेवायला म्हणून ती निळ्या रंगाने रंगवतो. रंगवायची तर रंगवा पण आधी फोटो काढा, तिरप्या उजेडात काढा, पुसट अक्षरं पण उठून दिसतात.

डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक) असेल तर ते लॅमिनेट करू नका. प्लीज. झेरॉक्सवाला हौसेने करून देतो, पण गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद सुटत नाही आणि आतल्या आत पिवळा पडतो. सेलोटेप नको, स्टेपल नको, गंजलेल्या पिना हळूच काढा. फोटो चिकटवायच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, आहेत तसे स्कॅन करा, फोटोला ६०० डीपीआय ठेवा, आणि मागची बाजू स्कॅन करायला विसरू नका कारण स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, तारीख सगळं मागे असतं. पुढच्या बाजूला टोपीचा बॅज बघा, मराठा पलटणीच्या बॅजवर बिगुल असतो. फाइलला आयएमजी चार-पाच-सहा असं नाव ठेवू नका, नाव-युनिट-वर्ष-ठिकाण लिहा. एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक बहिणीकडे नाशिकला किंवा जिथे कुठे असेल तिथे, नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवलंय म्हणजे जपलंय असं समजू नका, तिथे फोटो दाबून बारीक होतो.

मेडल चमकवू नका. दिवाळीला पितळी भांड्यांबरोबर घासलेली मेडलं मी बघितलीयेत, कडेवरचं नाव गुळगुळीत. मेडलचं तोंड सगळ्यांचं सारखंच असतं, त्याची कड महत्त्वाची, पहिल्या महायुद्धातल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या मेडलांच्या कडेवर नंबर, रँक, नाव, युनिट बारीक ठोकलेलं असतं. मऊ कापड आणि बास. पत्रं असतील तर पत्त्यात "मार्फत ५६ एपीओ" दिसेल, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, ते मुद्दाम असतं, जवान नेमका कुठे आहे हे पाकिटावरून कळू नये म्हणून. त्यामुळे पत्रातून जागा कळत नाही, तारीख कळते, मग त्या तारखेला ती पलटण कुठे होती हे रेजिमेंटच्या इतिहासातून काढायचं.

माणसं जिवंत आहेत तोवर बोलतं करा, हे कागदांपेक्षा घाईचं आहे. १९७१ वाले सत्तरीच्या पुढे गेले, कारगिलवाले पण आता बरेचसे पन्नाशीच्या आसपास आलेले. मोबाईल टेबलावर ठेवा, पंखा बंद करा (आवाज फार येतो), आणि "तुम्ही किती मारले" हा प्रश्न तोंडातून काढू नका. भरतीला कुठे रांगेत उभं होता, सोबत गावचं कोण होतं, लंगरला काय मिळायचं, घरचं पहिलं पत्र किती दिवसांनी आलं, असं विचारा, एकदा गाडी सुरू झाली की मग माणूस स्वतःच लढाईवर येतो, किंवा येत नाही, नाही आला तर सोडून द्या. आणि फक्त फौजीला नका विचारू. वीरपत्नीला विचारा की बातमी कशी आली, तार आली का, कोण घेऊन आलं, ती वाचली कुणी. ह्या गोष्टी कुठल्याच वॉर डायरीत नसतात.

शेअर करताना दोन-तीन पथ्यं. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा नंबर), बँक खातं, आधार दिसेल असा कागद टाकू नका. घरातलं कुणी आत्ता सर्व्हिसमध्ये असेल तर त्याचं युनिट कुठे आहे ते लिहू नका. शहीद जवानाच्या घरच्यांना न विचारता त्यांचा रडतानाचा फोटो तर नकोच नको. आणि फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी त्या पाच गोष्टी त्यात आहेत का बघा, नसतील तर थांबा. परमवीर चक्राच्या नावाने तर काय वाट्टेल ते फिरतं, वास्तविक आजपर्यंत फक्त २१ जणांना मिळालंय आणि सगळ्यांची सायटेशन उपलब्ध आहेत, म्हणजे कुणी नेमकं काय केलं त्याची सरकारी नोंद. त्यातले तिघं पुण्याशी बांधलेले, अरुण खेत्रपाल जन्माने पुण्याचे, पूना हॉर्स ह्या रणगाडा रेजिमेंटचे, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरला गेले, त्याच पूना हॉर्सचे कर्नल तारापोर शाळेला पुण्यात होते, १९६५ ला गेले, आणि बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे, ज्यांनी एप्रिल १९४८ ला नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जाऊन ड्रायव्हरला दोरीने इशारे देत सुरुंगातून वाट काढून दिली, ते जिवंत राहिले आणि १९९४ ला पुण्यात वारले. एवढं खरं असताना खोटं रचायची गरजच काय पडते लोकांना कळत नाही.

शेवटचं एक कामाचं. सीडब्ल्यूजीसीच्या नोंदीत तुमच्या माणसाचं नाव, गाव किंवा तारीख चुकलेली दिसली तर ती दुरुस्त करायला कळवता येतं, आणि नाव मुळातच नसेल तर ते घालण्यासाठी पण केस मांडता येते. पुरावा त्याच काळातला लागतो, आजी सांगायची एवढ्यावर होत नाही, पण डिस्चार्ज बुक, जुनं पेन्शनचं पत्र, मृत्यूची तार, रेकॉर्ड ऑफिसने दिलेली लाँग रोलची नोंद चालण्यासारखी असते. मोडीत किंवा मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा, मूळ कागद कधीच पाठवू नका, स्कॅन पाठवा, आणि उत्तर यायला वेळ लागतो हे धरून चाला.